बाळ गप्प झालं तेव्हा

प्रिय ताई,

हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहितेय, अक्षर मध्येच बदललं तर समजून घे. बाळ झोपलं की पळत टेबलाशी यायचं, आणि पळत म्हणजे काय, टाके अजून ओढतात, त्यामुळे भिंत धरूनच. थकलेय गं. नुसती झोप नाही म्हणून नव्हे. तू बोलत नाहीस, आणि आई दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवताना वाटेत निम्मे गाळते, त्याने जास्त थकलेय. सुईणबाईंविरुद्ध तू तक्रार केलीस हेही मला आईकडूनच कळलं. तेव्हापासून त्यांचं काम बंद आहे, ते मात्र मी स्वतः जाऊन बघितलं.

मुलगी आहे, हे आईने गाळलं नसेल. नाक आपल्याकडचं, त्यातून सुटका नाही. रडते मात्र बापासारखी. आधी तोंड वाकडं करून कोणी बघतंय का याचा अंदाज घेते, मग सूर लावते.

तुझा सगळा राग पाण्यातल्या बाळंतपणाच्या त्या टबावर, म्हणून टबाचंच सांगते. हवा भरायचा निळा टब, बाहेरच्या खोलीत, सोफा उभा करून भिंतीला टेकवलेला. तुझे मेहुणे पडले वायरमन, पाणी तापवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ! नवा पाइप लावला तर खोलीभर रबराचा वास, आणि टब अर्धा भरतोय तोवर बॉयलर थंड. मग आई पातेल्यावर पातेली उकळतेय, हे कोपर बुडवून बघताहेत, आणि मी दोन कळांच्या मधे हसतेय. खालच्या मजल्यावरचे काका छत गळणार नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारायला यायचे. शेवटी सुईणबाईंनी त्यांच्याच हातात बादली दिली.

घरीच का, हे तू आईला किती वेळा विचारलंस. तुझ्या दवाखान्यातल्या त्या लांब व्हरांड्यातून मी एकदा रिकाम्या हातांनी बाहेर आले होते. पुन्हा तिथून आत जायला पाय उचलेना. आणि पाण्यात मला माझं मन ऐकू येतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. उगाच नाही तू माझं नाव बेडकी ठेवलंस.

तरणतलावावर इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, पण तिथला पहिला धडा शिकवणाऱ्यासाठी असतो. बुडणारं मूल ओरडत नाही. आरडाओरडा करणारं ठीक असतं. जे गप्प होतं त्याच्याकडे धावायचं, आधी उडी, मग विचार. कधी उडी फुकट जाते, कार्टं नुसतं पाण्याखाली फरशा मोजत असतं, आणि काठावरचे सगळे हसतात. हसू देत.

त्या दिवशी दुपार कलली आणि पोटात बाळ गप्प झालं. नेमकं काय बदललं ते मला आजही सांगता येणार नाही. सुईणबाई थोड्या थोड्या वेळाने ठोके ऐकत होत्या, मलाही ऐकवत होत्या, ते ठीक होते. कळा चांगल्या होत्या. सगळं पुस्तकात असतं तसं चाललं होतं. मी म्हटलं, मला बाहेर काढा, दवाखान्यात न्या. हे म्हणाले, अगं, आता थोडंच राहिलंय. आई म्हणाली, कळांमध्ये असंच वाटतं. सुईणबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ठोके ठीक आहेत, पण तू म्हणतेस ना, मग चल. बस, एवढंच. भरलेली पिशवी दाराशी होती, गाडी खाली उभी होती, जवळच्या दवाखान्याला आधीच कळवलेलं होतं. ही त्यांची अटच असते, त्याशिवाय त्या बाळंतपण हातात घेत नाहीत. ओल्या अंगावर ह्यांचा कोट घालून मी जिना उतरले. गाडीत ठोके घसरायला लागले. नाळ मानेभोवती होती, घट्ट. पुढचं मी तुला काय सांगू, तुझं रोजचं काम आहे ते.

तू आईला म्हणालीस, बघ, शेवटी दवाखान्यातच जावं लागलं ना. हो, लागलं. आणि तिथल्या डॉक्टरांनी माझी मुलगी माझ्या हातात दिली, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण घरी राहा असं ज्या मनाने सांगितलं, त्याच मनाने ऊठ म्हणून सांगितलं. या वेळी ते ऐकणारं कोणीतरी शेजारी होतं. एक बाळ गमावलेल्या बाईला घरी ठेवलंच कसं, हा तुझा प्रश्न चुकीचा नाही. तू हे सुडाने नाही, भीतीने केलंस, तेही कळतं मला.

पुढच्या आठवड्यात तुझ्या तक्रारीच्या चौकशी समितीने मला बोलावलंय. घरी बाळंतपण का, हे विचारतील, आणि मी खरं सांगणार आहे. पहिल्या वेळी, तुझ्याच वॉर्डात, मी तुला म्हटलं होतं, ताई, बाळ गप्प झालंय. तू माझ्या केसांवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, शेवटी शेवटी बाळं शांतच होतात, वेडाबाई, पड जरा. तुझ्या हातात माया होती, ती मी विसरले नाही. म्हणून तर पडून राहिले. त्यावर आपण दोघी कधीच बोललो नाही. आता परक्यांसमोर बोलावं लागेल, तुझं नाव घ्यावं लागेल, आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. तक्रार मागे घे असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. एकच मागते. मी आत जाईन तेव्हा बाळ कोणाकडे तरी द्यावं लागेल. आईचे हात हल्ली थरथरतात, आणि ह्यांनाही आत बोलावलंय. तू ये. बाहेरच्या बाकावर बस आणि तिला धर. रडली तर घाबरू नकोस. गप्प झाली, तर मला हाक मार.

तुझीच,
बेडकी