मांडीवरची दोन पानं

तलासरी, मंगळवार, संध्याकाळ

अंकासाठी माझं सदर पाठवायची घाई होती, म्हणून वेवजीच्या सुमनमावशीला बायबल वाचून दाखवताना मुद्दाम दोन पानं गाळली. तिला दिसत नाही, पण कान तिखट.

“भाऊ, आज दोन पानं एकदम उलटलीस का रे?”

“चिकटली होती, मावशी.”

“मग आठवडाभर अर्ध्या भाकरीवर काढते की!” ती हसली.

खोटं बोललो, तेही बायबल मांडीवर असताना. सदराचा विषय काय, तर रोजचं शास्त्रवाचन! वेळेत गेलं. तिचा आठवडा मी वाचतो त्यावर चालतो. माझा कशावर?

पानांची ती जाड सळसळ अजून कानात आहे. आत्ता दोन्ही पानं मोठ्याने वाचली, तरी जात नाही.

उद्याच वेवजीला जायचं. पानं चिकटली नव्हती, हे आधी सांगायचं. मगच वाचायचं.