बाबांना न्यायला कोणती क्रूझर घ्यावी?

आदरणीय डेलमारकाका यांस,

तुमचे धाकटे भाऊ अर्लिस यांची मुलगी रोवीना हिचा नमस्कार. तुमचा गुडघा, मोलीकाकूंचा दमा आणि नेब्रास्कातला वारा हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे साउथ डकोटात आम्ही बरे आहोत. ('आम्ही' सवयीने लिहिलं. आता मी एकटीच आहे.) बाबा फेब्रुवारीत गेल्याचं कार्डाने कळवलं होतं. फुलं पोचली. त्यांवर नाव नव्हतं, पण दुकानाचा पत्ता तुमच्या अलायन्सचा होता, आणि अलायन्समध्ये आमच्या ओळखीचं दुसरं कुणी राहत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण फक्त एक सल्ला. मला क्रूझर मोटारसायकल घ्यायची आहे आणि ती कोणत्या धाटणीची असावी हे ठरत नाही. तुम्ही चाळीस वर्षं चालवताय, म्हणून तुम्हाला विचारते.

अडचण अशी. बाबांची राख अजून स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. डब्यासकट सहा पौंड भरते. थंडीत गेलेल्या सभासदाला आपला मोटारसायकल क्लब हंगामाच्या पहिल्या फेरीला नेतो हे तुम्हाला माहीतच आहे. यंदाची फेरी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, डेडहॉर्स खिंडीपर्यंत, चौऱ्याऐंशी मैल. राख रक्ताच्या माणसाने स्वतः गाडी चालवत न्यायची. तसं कुणी नसेल तर डबा मागून चारचाकीतून येतो, म्हणजे क्लबच्या भाषेत पिंजऱ्यातून. केनेथ रूड तसा गेला होता, क्लबचे अध्यक्ष ऑर्व्हिल यांच्या बायकोच्या व्हॅनमध्ये, बटाट्याच्या सॅलडशेजारी. त्याला नऊ वर्षं झाली, पण अजून केनेथचं नाव निघालं की लोकांना आधी सॅलड आठवतं. शेवटच्या आठवड्यात बाबांनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून मला एवढंच सांगितलं, "पोरी, मला सॅलडशेजारी ठेवू नकोस." मी हो म्हटलं. तेव्हा मला मोटारसायकल चालवता येत नव्हती. (कॉलेजची चार वर्षं मी सायकलवर काढली. हवेच्या प्रदूषणाबद्दल माझी मतं आहेत. ती बाबांना मी प्रत्येक नाताळात सांगत असे आणि ते हॅमचे काप वाढत वाढत ऐकून घेत.)

आपल्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठलीही अडचण आली की मी आधी वाचते. मार्चभर वाचलं आणि एक मोठा तक्ता केला: सीटची उंची, वजन, हँडलची रुंदी, पाय पुढे टाकून बसायचं की खाली सोडून. तक्ता इतका चांगला झाला की आता मला गाडी येते असंच वाटू लागलं. त्या भरात मी बाबांचीच गाडी गॅरेजबाहेर काढली. ती आठशे साठ पौंडांची, मी एकशे आठ. दारातल्या उतारावर ती डावीकडे झुकली, मी तिला समजावून सांगितल्यासारखं धरलं, आणि ती निवांतपणे माझ्या अंगावर आडवी झाली. पाय मोडला नाही, पण निघेनाही. पोस्टवाल्या बाई येईपर्यंत पंचवीस मिनिटं मी बाबांच्या गाडीखाली आकाश बघत पडून होते. फेब्रुवारीपासून मी रडले नव्हते, ते तेवढ्यात उरकलं. गाडीचं पुढचं चाक धरणारा दांडा वाकला आणि ती यादीतून गेली.

मग दुकानात गेले. विक्रेता ट्रेव्हर नावाचा, फार तत्पर. म्हणाला, गाडी आवडीने नाही, गरजेने निवडायची; तुमची गरज काय, मॅडम? मला हे फार पटलं. म्हटलं, चौऱ्याऐंशी मैल, एकदाच. एकट्या जाणार? नाही, वडील असतील सोबत. त्यावर तो खुलला आणि त्याने लांब पल्ल्याची भलीमोठी टूरर दाखवली: मागे पाठ टेकायला उशी, पाय ठेवायला फळ्या, गरम होणारी सीट. वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे का? म्हटलं, आता कसलाच नाही. वजन किती? सहा पौंड. त्याने लिहिलेलं खोडलं. बिचारा भला माणूस आहे. जरा वेळाने दबक्या आवाजात मला बॅगर नावाच्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या दाखवू लागला, कुलूप लागतं, पाणी आत जात नाही, आतून अस्तर आहे, आणि मग स्वतःच मध्ये थांबून म्हणाला, "माझे वडीलही असेच गेले," आणि मला कॉफी आणायला निघून गेला.

बाकीच्या धाटण्या थोडक्यात सांगते. बॉबर दिसायला आटोपशीर, पण सीट एकच. डबा मांडीवर घेऊन वळण घेता येत नाही. (घेऊन पाहिलं. डब्यात तेव्हा साखर होती.) चॉपरचं पुढचं चाक इतकं लांब की ते पोचल्यावर मागाहून मी पोचते. पाय पुढे टाकायच्या गाडीवर माझे पाय पुढे पोचतच नाहीत, मी सीटवरून घसरत टाकीवर येते. तिचाकीवर मात्र मी पहिल्या दिवशीच दोन चकरा मारल्या. पण बाबा तिचाकीला काय म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला पत्रात लिहिता येणार नाही.

शेवटी उरली एकच: मधल्या वजनाची, बुटकी, साधी क्रूझर, जपानी बनावटीची. माझा तक्ता दर वेळी तिच्यावरच येऊन थांबतो. तीनदा पुन्हा हिशेब केला. काका, तुम्ही चालवता ती हीच गाडी. मी बारा वर्षांची होते, पार्कातल्या त्या सहलीला हजर होते. बाबा तिला सगळ्यांसमोर शिवणयंत्र म्हणाले, आणि तुम्ही हातातला सॉसेज तसाच ताटात ठेवून निघालात. अकरा वर्षं झाली. इंजीन कोणत्या देशात ओतलं गेलं यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांना मुकले, हे मी कॉलेजात सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं मी दुसऱ्या महायुद्धाबद्दल बोलते आहे.

ही जपानी गाडी फेरीत चालेल का, हे विचारायला मी गेल्या गुरुवारी क्लबात गेले. (जाताना हेल्मेटविषयी दोन पानांचं टिपणही नेलं होतं. ते ग्लासाखाली ठेवायला उपयोगी पडलं.) अध्यक्ष अजून ऑर्व्हिलच आहेत. बोलता बोलता मी म्हटलं, डेलमारकाकांनाही पत्र टाकते, तर बिलियर्डच्या टेबलाजवळचा एक नवा सभासद दचकून म्हणाला, "कुठल्या पत्त्यावर?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. फेरीत गाड्या दोन-दोनच्या रांगेने जातात आणि मेलेल्या माणसाची जागा एका फेरीपुरती मोकळी सोडतात. बाबांनी तुमची जागा अकरा वर्षं मोकळी सोडली होती. कुणी शेजारी गाडी घातली की हात करून मागे पाठवायचे. "ही डेलची आहे," एवढंच. क्लबात मोकळ्या जागेचा अर्थ एकच होतो, म्हणून पाच-सहा वर्षांत आलेल्या सगळ्यांनी तुम्हाला मेलेलं धरलं आहे. ते खिंडीत तुमच्यासाठी टोपी काढतात. दोन वर्षांपूर्वी मृतांच्या यादीत तुमचं नावही वाचलं गेलं आणि एकाने तुमच्या नावाने चांगली बियर जमिनीवर ओतली. मी ऑर्व्हिलना विचारलं, बाबा काहीच बोलले नाहीत? "काय बोलणार? जिवंत आहे म्हणाला असता, तर पोरांनी विचारलं असतं, मग येत का नाही."

तर काका, सल्ला एवढाच हवा आहे: ती बुटकी क्रूझर घ्यावी का, आणि चौऱ्याऐंशी मैलांत डबा कुठे बांधावा. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आपली पुतणी,
रोवीना हाव्हलिक

ता. क. गाडी घेऊन उपयोग नाही हे आधी लिहायला हवं होतं. परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. चौकटीत सावकाश वळायचं असतं, मी दोन्ही वेळा खांब पाडला. परीक्षक पेडरसनबाई पूर्वी शाळेची बस चालवायच्या. म्हणाल्या, "बाळा, लेखी परीक्षेत तुझ्याइतके गुण या जिल्ह्यात कुणाला पडलेले नाहीत. पण खांबाला वाचता येत नाही ना." पुढची तारीख जूनमध्ये आहे.

ता. क. २. दुसऱ्या कुणाच्या मागे डबा धरून बसले तर चालेल का, हेही विचारून झालं. ऑर्व्हिल म्हणाले, "मागे बसणारा नेत नाही, त्याला नेतात." चालवणारा रक्ताचा हवा. रक्ताचे आता आपण दोघेच आहोत. तुम्ही चालवा, मी मागे डबा धरून बसते. वाटेत बोलायची सक्ती नाही. बाबा तुम्हाला गाडीवरून काही म्हणायच्या स्थितीत नाहीत.

ता. क. ३. तुमची जपानी गाडी फेरीत चालेल का, हे विचारायचं राहिलं होतं, म्हणून आज ऑर्व्हिलना फोन केला. ते म्हणाले, "त्याला सांग, मेलेला माणूस काय चालवतो ते आम्ही बघत नाही. फक्त शनिवारी फेरी सुटायच्या आधी, नऊच्या आत ये म्हणावं."