शिवून ठेवलेला खाकी ड्रेस

सातपाटी,
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

प्रिय धर्माजी,

रोज एकाच टेबलाशी समोरासमोर बसणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. पण मे महिन्यापासून आपण दोघं ‘रजिस्टर किती’ आणि ‘मनिऑर्डरी किती’ यापलीकडे बोललेलो नाही, आणि तोंडावर बोलायचं मला जमत नाही. हे पाकीट आज दुपारी पोस्टाच्या पेटीत टाकतो. उद्या पेटी तूच उघडशील, शिक्काही तूच मारशील. त्या वेळी मी मान खाली घालून पत्रं लावत बसलेला असेन. तू मागच्या ओट्यावर जाऊन वाच. घाई नाही.

दहा मेचा तो निरोपसमारंभ आठवला की अजून माझे कान गरम होतात. मी एकतीस मेला अठ्ठावन्न वर्षांचा होऊन घरी बसणार, म्हणून गावानं सोसायटीच्या हॉलमध्ये केवढा थाट केला. सोजराबाई कधी कुणाला मासळीत पावशेर सूट देत नाही, तिनं पुढं होऊन मला शाल घातली. आणि मग हार घातला तो तुला, कारण माझ्या जागेवर तू येणार होतास. होडीच्या दोरात उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तू समुद्र सोडून टपालाची पिशवी खांद्यावर घेतलीस, त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं कच्चा, कायम नाहीच. कायम करायच्यांच्या यादीत तुझं नाव पहिलं होतं. फक्त एक अट होती, पन्नाशीच्या आत नेमणूक व्हायला हवी, आणि तुझी पन्नाशी येत्या नोव्हेंबरात. तेव्हा सगळं कसं वेळेत बसत होतं. तुझ्या बायकोने, जमनाने, पालघरहून खाकी कापड आणून तुझा ड्रेससुद्धा शिवून घेतला होता. त्या दिवशी तू भाषण करायला उभा राहिलास आणि ‘नरूभाऊ’ एवढंच म्हणून खाली बसलास. लोक हसले. मी मात्र हसलो नव्हतो.

आणि चारच दिवसांत बातम्यांत आलं, निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ झालं. दुसऱ्या दिवशी मी टपाल वाटत फिरलो तर प्रत्येक दारात त्याचीच चर्चा. शाळेतले गुरुजी चिडलेले, की दिल्लीवाल्यांचं वाढलं, आमचं राज्य सरकार कधी वाढवणार. सोसायटीपाशी बसलेली बी.कॉम. झालेली पोरं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की हे म्हातारे खुर्चीला चिकटून बसणार आणि आम्ही जाळीच विणायची. सरावलीला राहणारा आपला भिका सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, आमच्या कंपनीत चाळिशीलाच घरी धाडतात, तुमचं बरंय. मी शाल परत द्यायला सोजराबाईकडे गेलो. ती म्हणाली, “ठेव रं, दोन वर्सांनी तीच घालू. नवी कोन आनतं?” बाजारभर हशा पिकला. सगळे बोलले, धर्माजी. एक तू बोलला नाहीस. त्या दिवशीही वेळेवर पिशवी आणून टेबलावर ठेवलीस आणि नेहमीसारखी माझ्यासाठी खुर्ची पुसलीस.

आता जे सांगायचं ते सांगतो. बातमी ऐकली तेव्हा मला आनंद झाला. तुझी आठवण यायच्या आधी झाला. पैशाचं म्हणशील तर माझं काही अडत नव्हतं. केळव्याला सुपारीची बाग आहे, धाकटा भाऊ बळवंत ती चांगली बघतो, थोरला म्हणून माझा मान ठेवतो. पण बागेत मी करणार काय? मला घराघरांतून फिरायची सवय. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाच्या लेकीचं पत्र दोन महिने आलेलं नाही, हे मला ठाऊक असतं. ते संपणार म्हणून मी एप्रिलभर धड जेवलो नव्हतो. तुझी शालूवहिनी विचारायची तर पित्त झालंय म्हणायचो. ती बातमी आली आणि त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हात धुताना तू आठवलास.

जूनमध्ये एक दिवस रजा घेऊन मी केळव्याला जातो असं तुला सांगितलं होतं. ते खोटं. मी वरच्या ऑफिसात गेलो होतो, राजीखुशीने निवृत्ती घेतो असा अर्ज खिशात घालून. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, पोस्टमन, तुम्ही गेलात तरी ही जागा सध्या भरायची नाही, तुमच्या गल्ल्या दुसऱ्या कुणाला जोडून देऊ. मी तुझ्या वयाचं सांगितलं. त्यानं हात जोडले. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही हातात काही नव्हतं. मी अर्ज घडी करून परत खिशात घातला, स्टँडवर आलो आणि दोन वडे खाल्ले. ते मला चवदार लागले. मनावरचं ओझं उतरलं होतं, धर्माजी. तुझ्यासाठी काही करता येत नाही, हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं. दोन महिने झाले, पण ही गोष्ट काही केल्या मला पचत नाही.

एवढं तरी मी लिहिलं नसतं. पण काल नारळी पौर्णिमा होती. जमना मला भाऊ मानून दरवर्षी राखी बांधायला येते. यंदा येणार नाही असं मी धरून चाललो होतो, आणि येऊ नये असंही वाटत होतं. ती आली. राखी बांधली, मी ओवाळणी घातली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढून माझ्यापुढं ठेवला. “दादा, तुमचा ड्रेस कोपरात फाटला हाय. ह्यो नवा हाय, तुमी घाला. आमच्याकडं नुसता पडून हाय,” म्हणाली आणि चहा न घेता गेली. तुला सांगून आली की न सांगता, ते विचारायचा मला धीर झाला नाही. ती गेल्यावर मी तो अंगात घालून बघितला. मापाला बरोबर बसला. सवयीनं पेन अडकवायला हात छातीच्या डाव्या बाजूला गेला, तर तिथं खिसाच नाही. तू डाव्या हातानं लिहितोस म्हणून तिनं तो उजवीकडं लावून घेतला आहे. परत पाठवला तर बहिणीनं दिलेलं परत केल्यासारखं होईल, आणि घालून तुझ्यासमोर बसायची माझी छाती नाही. उद्या मी जुन्याच ड्रेसवर येईन. याचं काय करू, तेवढं तू सांग. काही सुचलं नाही तर नुसत्या शिव्या दे, पण बोल.

तुझाच,
नरहरी