मोजणीतलं पत्र

नाना,

परवा आपल्या गावची दोन माणसं मिरजगावला घरी आली. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत तुमचा फोटो लावायचाय, तर लेक म्हणून मी चार शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन नुसती बसून आहे. तुम्ही गावाला रस्ता आणलात, एस.टी. आणलीत, पोष्ट आणलंत, हे सगळं तिथं सगळेच बोलतील. लेकीनं आणखी काय सांगायचं? मला जे सांगण्यासारखं आहे ते माझं मलाच अजून नीट समजलेलं नाही, आणि ज्यांना विचारायचं ते तुम्ही जाऊन चाळीस वर्षं व्हायला आली. म्हणून म्हटलं, भाषणाचं राहू दे, आधी तुम्हालाच लिहावं.

पंचायत समितीवर निवडून यायच्या आधीपासूनच तालुक्याला तुम्हाला 'अर्जवाले नाना' म्हणत. तुमच्यासमोर नाही, पण म्हणत. अर्ज लिहायचे मी, कारण घरात मॅट्रिक झालेली मीच. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्याला टेकून सांगताय आणि मी पाटावर कागद ठेवून लिहितेय, हे मला आत्ता लिहितानाही दिसतं आहे. धुरानं माझे डोळे चुरचुरतात, पण उठायची सोय नाही. एकदा मी आपल्या मनानं 'आमच्या गावावर उपकार करावेत' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तुम्ही अर्ज माझ्या हातातून काढून घेतलात. "उपकार न्हाई मागत आपुन," तुम्ही म्हणालात. "सरकार हाय ते, तुजा मामा न्हाई. हक्काचं हाय ते लिही." मी सगळा अर्ज परत लिहिला. बोलणी खाल्ली तरी मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्याच वर्षी मी मास्तरकीच्या कोर्ससाठी नगरला अर्ज केला होता. एवढा एक अर्ज माझ्या स्वतःसाठी. तेव्हा आपल्या गावाला पोष्ट नव्हतं. दोन कोसांवरच्या मोठ्या गावात टपाल यायचं, तिथल्या दुकानात पडून राहायचं आणि बाजाराच्या दिवशी आपल्यातलं जो कोणी जाईल तो घेऊन यायचा. माझं मुलाखतीचं बोलावणं शेजारच्या काकांनी बंडीच्या खिशात घातलं आणि विसरले. बंडी धुवायला काढली तेव्हा काकूंना ते सापडलं. मुलाखत होऊन आठ दिवस झाले होते. तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत. नगरला जाऊन विचारून आलात, तर जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, असं आई म्हणाली, पण पुढचं वर्ष यायच्या आत मिरजगावच्या धान्याच्या दुकानातलं स्थळ आलं आणि वैशाखात माझं लग्न झालं.

लग्नाच्या आधी महिनाभर तुम्ही पोष्टासाठीचा पहिला अर्ज मला सांगितलात. गावाला पोष्ट का हवं याची कारणं. लढाईवर गेलेल्या एकाचं पत्र तो स्वतः रजेवर घरी आल्यानंतर पोचलं, हे सांगितलंत. कुणाच्या तरी बापाची मनिऑर्डर परत गेली, तेही सांगितलंत. मी लिहितेय आणि वाट बघतेय, आता माझं सांगतील. नाही सांगितलंत. "आनि आपला नम्र," म्हणालात आणि सहीला हात पुढे केलात. तुम्हाला वाईट वाटत होतं म्हणून माझं नाव घेववलं नाही, की लेकीचा कोर्स हुकणं हे सरकारला सांगण्यासारखं कारण नाही असं तुम्हाला वाटलं? ते पोष्ट तुम्ही माझ्यापायी मागितलंत की पुढच्या निवडणुकीपायी? मी दोन्ही बाजूंनी किती विचार केलाय म्हणून सांगू. सकाळी एक पटतं, संध्याकाळी दुसरं.

पुढचं मला तुमच्या कार्डांतूनच कळत गेलं. नगरच्या साहेबांनी अर्ज वाचून तुम्हाला विचारलं की तुमच्या गावाला टपाल येतंच कुठं? येणारं-जाणारं टपाल किती ते मोजल्याशिवाय पोष्ट मंजूर होत नाही, असा नियम दाखवला. दुसरा कुणी असता तर तिथंच चरफडत परत फिरला असता. तुम्ही गावात येऊन मारुतीच्या देवळापुढे सगळ्यांना बसवलंत आणि सांगितलंत, आठवड्याला घरटी एक तरी पत्र गेलं पाहिजे आणि एक तरी आलं पाहिजे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं शाळेतल्या गुरुजींनी लिहिली. बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलेल्या दोघा भावांनी एकमेकांना पत्रं टाकली, तीही तालुक्याला, पारनेरला जाऊन. घरं भिंतीला भिंत लागून. त्यातल्या थोरल्यानं लिहिलं होतं म्हणे, 'पत्र लिहिण्यास कारण की, कारण काही नाही.' हे तुम्ही मला कार्डावर कळवलंत तेव्हा मी दुकानामागच्या खोलीत एकटीच हसत बसले होते. सासरी आल्यावर इतकी हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तुमचं कार्ड दर सोमवारी यायचं आणि माझं गुरुवारी जायचं. सुरुवातीला मीही तसलंच लिहायची, इकडील सर्व ठीक, आज भाजी घेवड्याची केली, दुकानात तुरीला भाव बरा आहे. मग मला दिवस राहिले, ते तुम्हाला कळवलं. पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं, तेही मीच कळवलं, कार्डावर, दोन ओळींत. आई येऊन चार दिवस राहून गेली. ती गेल्यावर सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून मी पुन्हा पोत्यांजवळ होते, निवडायला, पाखडायला, उचलायलाही. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. मला तिथं राहायचं नव्हतं. तुमच्याकडे यायचं होतं, कायमचं, आणि जमलं तर पुन्हा नगरला अर्ज करायचा होता. एका गुरुवारी मी कार्डाऐवजी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि हे सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, मला न्यायला या.

नवव्या दिवशी तुम्ही आलात. न कळवता, धोतरावर एस.टी.ची धूळ घेऊन. तुम्हाला ओसरीवर बघून मी हातातलं सूप खाली ठेवलं. वाटलं, आता नाना बोलतील. तुम्ही जेवलात, पिठल्याला नावाजलंत, आणि मग सासऱ्यांना मोजणीचं सांगत बसलात. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर येणार आहे, तर मिरजगावच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनीही आमच्या गावच्या पत्त्यावर दोन-दोन पत्रं टाकावीत, एवढं बघा. सासरे हसून हो म्हणाले. मी आत भांडी घासत सगळं ऐकत होते. एकदाच तुम्ही म्हणालात की पोरीला चार दिवस धाडता का, तिच्या आईला बरं वाटेल. सासूबाई म्हणाल्या, सध्या सुगीचं धान्य यायला लागलंय, मग बघू. तुम्ही मान हलवलीत.

तुम्हाला फाट्यापर्यंत सोडायला मी आले, जाऊबाई सोबत होत्या. त्या हातभर अंतरावर उभ्या. एस.टी. दिसायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुजं पत्र आलं."

मी म्हटलं, "मोजणीत धरलं का?"

तुम्ही पिशवी खांद्याला अडकवलीत. "धरलं की," म्हणालात. गाडी थांबली, तुम्ही पायरीवर चढलात आणि तिथून वळून विचारलंत, "तुज्या आईला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, बरं आहे."

पोष्ट मंजूर झालं. शाळेच्या एका खोलीत, गुरुजीच पोष्टमास्तर. नव्या पोष्टातून टाकलेलं तुमचं पहिलं कार्ड मला आलं, त्यात एवढंच होतं, 'ठप्पा बघ कसा ठसठशीत उठला आहे.' खरंच उठला होता, आपल्या गावाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. मी ते कार्ड चुलीत घातलं. त्यानंतर सोमवारची कार्डं बंद झाली. मोजणी संपली, तर पत्रं कशाला, असं मी मनाशी म्हटलं आणि मीही लिहिणं सोडलं. सणावारी भेटलो तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या अर्जाचं बोलायचात. दोन वर्षांनी मला मुलगी झाली, सासूबाई निवळल्या, दुकान वाढलं, आयुष्य वाईट गेलं असं म्हणायला तोंड नाही. पण मास्तरीण व्हायचं राहिलं ते राहिलंच. लेक मोठी झाल्यावर तिला मी किती वेळा सांगितलं, तुझ्या आजोबांनी माझं पत्र मोजलं, वाचलं नाही. तिला ते इतकं पटलं की तुमचा फोटोसुद्धा तिनं घरात लावू दिला नाही.

आता गावात जाऊन तुमच्या फोटोला हार घालायचा आणि बोलायचं. काय बोलू? न वाचताच नऊ दिवसांत मिरजगाव का गाठलंत? व्यापाऱ्यांचं काम तर कार्डावरही कळवता आलं असतं. आणि वाचलं असेल, तर गाडीत चढलात कसे? आईला विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण तिलाही मी कधी विचारलं नाही, आणि आता तीही नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकलं तरी घेणारं कुणी नाही, म्हणून जे लेकीला सांगितलं नाही ते इथं लिहिते. त्या दिवशी 'मला न्यायला या' असं लिहून झाल्यावर मला भीती वाटली, पत्र भलत्याच्या हाती पडलं तर. चिकटवायच्या आधी मी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'हे मोजणीपुरतं लिहिलं आहे, मनावर घेऊ नका.' तुम्ही तोवर माझं एकही बोलणं मोडलं नव्हतंत, नाना. ती ओळ तुम्ही खरी धरलीत का, एवढंच मला विचारायचं होतं.