शोधाची किल्ली मुलाला, उघडण्याची मुलीला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मुलगा मला वेड्यात काढल्याशिवाय राहणार नाही.

१. माझी हयात लोकांची कागदपत्रे कुलूपबंद करून दूरच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीत गेली. कुलूप न उघडता आतला शब्द शोधता यावा, ही आमची करामत; म्हणून शोधण्याची किल्ली वेगळी, उघडण्याची वेगळी. सर्व्हरला शब्द कळत नाही, मजकूरही नाही. पण कोणाच्या किल्लीने शोध झाला, तोच शोध किती वेळा आला आणि कोणती फाइल निघाली, एवढे दिसते. ही फट बुजवा म्हणून मी साहेबांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, "शब्द तर कळत नाही ना? मग कोण बघत बसणार?" फट तशीच राहिली, बढती दुसऱ्याला गेली. साहेबांना माझ्या अंत्यविधीला बोलावू नये.

२. पत्नीला घरातले बोलणे फोनवर टिपायची खोड होती. कोण काय म्हणाले ते खाली लिहूनही ठेवी. ते सारे आणि घराचे खरेदीखत मी तशाच कुलूपबंद खात्यात ठेवले. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्या खात्याच्या नोंदी बघत मी बसलो.

३. मुलाने एकोणतीस वेळा शोध घेतला. दर वेळी खरेदीखतच निघाले. मला ताप आला की शोध वाढत. आईचा आवाज त्याने एकदाही ऐकला नाही. शोधाची किल्ली त्याच्याकडे राहू द्यावी, उघडण्याची काढून घ्यावी. खरेदीखत जागेवर आहे, एवढे त्याला आयुष्यभर सापडत राहील.

४. घर आणि उघडण्याची किल्ली आता राजरोस मुलीला. तिने स्वतःच्या मनाने लग्न केले म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी तिला घराबाहेर काढले. रागाच्या भरात तिचे नाव शोधून निघालेल्या चाळीस फाइली पुसल्या. पत्नीने मुलीला गुपचूप दोन्ही किल्ल्या दिल्या होत्या, हे मला नोंदींतूनच कळले. मुलगी दर गुरुवारी दुपारी एकच शोध घेते आणि एकच फाइल उघडते.

५. ती फाइल मी गेल्या महिन्यात ऐकली. सतरा सेकंद. जिन्यातून पत्नी म्हणते, "ठमे, जेवून तरी जा गं." लाडाचे नाव असल्यामुळे फाइल माझ्या तावडीतून सुटली. त्यातच माझा आवाज आहे, "जाऊ दे. माझ्यापुरती ती मेली." आईची हाक हवी म्हणून पोर दर आठवड्याला हेही ऐकून घेते. मला स्वतःची लाज वाटते.

६. माझे शब्द कापून तिला नुसती हाक द्यावी, असे मनात होते. मी स्वतः करून पाहिले. मी पत्नीच्या बोलण्यावरच बोललो आहे. माझा आवाज काढला की तिचाही जातो. म्हणून फाइल आहे तशीच मुलीला द्यावी.

सही: ठमीचा बाप

साक्षीदार: १. शेजारची दंतवैद्य २. कंपनीतला जुना सोबती, ज्याला आम्ही चावीवाला म्हणत असू

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: नऊ मार्च, गुरुवार, दुपार