हुपरीच्या बाळाचा उजवा कान

२ फेब्रु., सोम.
दिवसभर लॅबमध्ये नाळेच्या रक्ताचे नमुने. गुणसूत्रांच्या टोकांना निसर्गानं टोपणं घातलेली असतात. पोटात असतानाच बाळाला विषाणू लागला तर ती आखूड होतात का, हा माझा पीएच.डी.चा प्रश्न. डोळे गेले माझे.
या नमुन्यांतल्याच हुपरीच्या बाळाचा उजवा कान तपासणीत नापास. विषाणूमुळंच का? तो पोटातूनच आला हे ठरवायला जन्मापासून तीन आठवड्यांच्या आतली लाळ नाहीतर लघवी हवी. ठरलं तर डॉक्टर औषध देणार, कान आणखी बिघडू नये म्हणून. फोन केला. बाळाची आजी: "सव्वा म्हैना पोर उंबऱ्याभाईर न्हाय जायची." झालं! म्हटलं, मीच येते.

४ फेब्रु., बुध.
बसनं हुपरी. दारातच हातपाय धुवायला लावले, बरोबरच आहे. लाळ घेणार तेवढ्यात आजी, "आत्ताच पाजायला लावलंय, रडायची न्हाय बघा." अहो आजी! हा विषाणू आईच्या दुधातनंही येतो, लाळेचा भरवसा संपला. चिडले. पण आधी सांगितलंच नव्हतं मी, मग त्यांना कळणार कसं? लघवीची पिशवी लावली नि सगळे वाट बघत बसलो. आजोबा चांदीचे पैंजण जोडायचं काम सोडून सारखे आत, "झाली का?" झाली तेव्हा घरभर हशा. दोनदा चहा.
निघताना बाळाची आई हळूच, "ताई, ऐकू येईल न्हवं हिला?" माझ्या टोपणांत त्याचं उत्तर नाही. बसमध्ये फार वाईट वाटत राहिलं.

१० फेब्रु., मंगळ.
विषाणू सापडला. आजपासून औषध. नाळेच्या रक्तातली बाळाची टोपणंही आखूडच निघाली. गाइड सर खूश, "आलेखात चपखल बसतंय!" बसतंय खरं. जेवण गेलं नाही.

१ मार्च, रवि.
बारशाचं बोलावणं, गेले. कान परवा पुन्हा तपासला. डावा चांगला, उजव्याचं अजून काही सांगता येत नाही. औषध सहा महिने चालणार.
बाळाची कुरुंदवाडची आत्या नाव सांगायला पाळण्यावर वाकली आणि थांबली. माझ्याकडं बघून, "कुठल्या कानात सांगू, ताई?"
मी म्हटलं, डाव्यात सांगा, तो चांगला आहे.
"चांगल्याला काय, समदीच सांगत्यात की," म्हणाली, आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं. मग मोठ्यांदा, "गौरी!"
गौरी झोपलेलीच.