ओला डेलिया

शनिवार संध्याकाळ, फ्रीमाँट

मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. शेजारचे विनायककाका आज चहाला आले होते. सुधाकाकू गेल्यानंतर पहिल्यांदाच. काकूंनी काढलेलं शेवटचं ऑइल पेंटिंग त्यांनीच मला आणून दिलं होतं. घरात बघवत नाही म्हणाले होते. काकूंच्याच बॅकयार्डमधली फुलं. निळ्या फुलदाणीत गुलाब आणि मातीच्या फुलदाणीत लाल डेलिया. डेलियावर रंग इतका जाड थापलाय की पाकळ्या वर उठून आल्यात.

काका बसलेच नाहीत, थेट चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग डेलियावर अलगद बोट टेकवलं. बोट लाल झालं.

"अजून ओलं आहे गं," ते म्हणाले.

"काका, इतका जाड रंग वाळायला महिनोन्महिने लागतात."

हे मी कशाला बोलले? त्यांना काय माहीत नव्हतं? टिश्यू दिला, तर नको म्हणाले. चहा डाव्या हाताने प्यायले. उजवं बोट कशालाही लागू दिलं नाही.

दारात थांबून म्हणाले, "वाळलं की मला सांगू नकोस."

बरं म्हटलं. ते गेल्यावर डेलिया जवळून पाहिला. रंगात दोन ठसे आहेत. एक काकांचा, आजचा. दुसरा खालच्या पाकळीच्या कडेला, बारीक, बाईच्या बोटाचा. मी तर चित्राला कधी हात लावलेला नाही. इतके महिने हा दिसला कसा नाही मला?

हे मात्र काकांना सांगायला हवं.